गर्प्सकडे परत, पण लढाईचे नियम बदलून: एका गटाचा प्रकरण अभ्यास

गर्प्स सोडून गेलेली माणसं परत येतात ती लढाईसाठी क्वचितच. ती येतात कॅरेक्टर शीटसाठी, म्हणजे आपल्या पात्राची सगळी माहिती लिहिलेल्या कागदासाठी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘जेनेरिक युनिव्हर्सल रोलप्लेइंग सिस्टम’ हे त्याचं पूर्ण नाव. टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने तो 1986 मध्ये आणला. आज चालते ती चौथी आवृत्ती 2004 ची, ‘कॅरेक्टर्स’ आणि ‘कॅम्पेन्स’ अशा दोन खंडांत. यात योद्धा, जादूगार असे ठरीव वर्ग नाहीत, चढत्या लेव्हल नाहीत. ठरलेले गुण मिळतात आणि त्यातून आपलं माणूस विकत घ्यायचं. बळ, चपळाई, बुद्धी आणि प्रकृती या चारही गोष्टी 10 पासून सुरू होतात. वाढवायच्या तर गुण मोजायचे. खोड, भीती, कर्ज, दिलेला शब्द असं काही अंगावर घेतलं तर गुण परत मिळतात. काहीही करायचं तर तीन फासे टाकायचे आणि बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी आली की जमलं.

या प्रकरणातला गट पाच जणांचा आहे: एक जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि बाकीचं जग चालवणारा) आणि चार खेळाडू. पात्रं 150 गुणांची. तलवारबाज बाई, एका सरदाराच्या पदरी असलेला ढालवाला पहारेकरी, शिकारी तिरंदाज आणि वैद्य. वैद्य मी खेळते. जग मध्ययुगीन, जादू नावालाच. ढालवाल्याच्या शीटवर ‘ट्रुथफुलनेस’ आहे, म्हणजे खोटं बोलायचं तर त्याला आधी स्वतःशीच झगडावं लागतं. कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या या गोष्टीतला, निम्मा मजकूर या एका ओळीतून निघाला असेल. चौकीवर विचारपूस सुरू झाली की आम्ही सगळे त्याला मागे ढकलायचो आणि तरी नेमका तोच प्रश्न त्याला विचारला जायचा.

हे कॅम्पेन एका पुलावर थांबलं होतं. पुलाच्या पलीकडे सहा पहारेकरी, अलीकडे आम्ही चौघं, मागे पाठलाग. नकाशा मांडला, सोंगट्या ठेवल्या आणि संध्याकाळ संपली तरी पूल ओलांडून झाला नव्हता. गोष्टीतल्या घड्याळाप्रमाणे अजून अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. पुढच्या वेळी भेटायचं ठरलं, मग कुणाला तरी जमलं नाही, मग कुणालाच जमलं नाही. भांडण झालं नाही. ती लढाई पुन्हा उचलायची इच्छा कुणाला झाली नाही, एवढंच.

मधल्या काळात गट हलके खेळ खेळला. त्यांत लढाया झटपट व्हायच्या, पण माणसं सारखी वाटायची. शेवटी कुणीतरी जुनी शीट्स बाहेर काढली आणि ढालवाल्याने अट घातली: “परत येतो. पण त्या पुलासारखी लढाई पुन्हा झाली तर मी घरी जातो.”

वेळ जातो कुठे

पहिला संशय नकाशावर होता. षटकोनी घरांचा नकाशा दिसायला किचकट, म्हणून दोषही त्याचाच. पण ‘कॅम्पेन्स’ खंडात लढाईचं मूळ प्रकरण वेगळं आहे आणि नकाशावरच्या लढाईचं वेगळं. पहिलं दुसऱ्याशिवाय चालतं. जीएमने जुन्या टिपणांतून आठवण काढली की पुलाच्या आधीच्या काही लढाया आम्ही नकाशाशिवायच केल्या होत्या, आणि त्याही रेंगाळल्या होत्या. नकाशा काढून टाकल्याने फटका बसला तो लांब शस्त्रांना. भाल्याची लांबी घरांत मोजली जाते. घरंच नसतील तर भालेकऱ्याने दिलेल्या गुणांचं चीज होत नाही.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. गर्प्समध्ये एक टर्न म्हणजे एक सेकंद. दहा लढवय्ये असतील तर दहा सेकंदांच्या चकमकीत शंभर टर्न होतात. प्रत्येक टर्नला काय करणार ते यादीतून निवडायचं: वार, सर्वस्वी वार, सर्वस्वी बचाव, नेम धरणं, अंदाज घेणं, हूल देणं, वाट पाहणं आणि आणखी बरंच. पण खरं दुखणं बचावात होतं. वार बसला म्हणजे लागला असं नाही. समोरच्याला चुकवण्याचा, तलवारीने अडवण्याचा किंवा ढाल आड घालण्याचा हक्क असतो, आणि त्यासाठी वेगळा फासा.

आकडे पाहा. दोघांचंही तलवारीचं कौशल्य 14. तीन फाशांवर 14 किंवा कमी येण्याची शक्यता साधारण 91 टक्के. तलवारीने अडवण्याचा आकडा म्हणजे कौशल्याचा निम्मा अधिक तीन, म्हणजे 10. तो जमण्याची शक्यता बरोबर 50 टक्के. म्हणजे शंभरातले 45 वार लागतात. हे ठीक आहे. आता समोरच्याला मध्यम आकाराची ढाल द्या. तिचे बचावाला 2 मिळतात. त्याने एक पाऊल मागे घेतलं तर आणखी 1. बचाव 13 झाला, तो जमण्याची शक्यता 84 टक्के. क्रिटिकल (फाशांवर टोकाचा आकडा आल्यावरचे खास निकाल) बाजूला ठेवले तर आता शंभरातले जेमतेम 15 वार लागतात. एक जखम व्हायला सरासरी सात वार. प्रत्येक वाराला वाराचा फासा, बचाव कोणता याची निवड, मागे सरकायचं का याचा विचार आणि बचावाचा फासा.

पुस्तकात यावर उपाय आहे. ‘डिसेप्टिव्ह अटॅक’मध्ये आपल्या कौशल्यातून 2 वजा केले की समोरच्याचा बचाव 1 ने उतरतो. तलवारबाज खेळणारीला तो माहीत होता आणि ती वापरायचीही. पण वरच्याच जोडीत हिशोब केला तर आकडा 15 वरून 19 टक्क्यांवर जातो, तिथून फार वर सरकत नाही. उलट प्रत्येक टर्नला “किती वजा करू?” हा नवा प्रश्न येतो.

हे सगळं असं का आहे ते खेळाच्या वंशावळीत दिसतं. स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘मेली’ 1977 चा. तो षटकोनी घरांवरचा समोरासमोरच्या लढतीचा छोटा खेळ होता. गर्प्सची लढाई स्वतः गर्प्सच्या आधी, 1985 मध्ये, ‘मॅन टू मॅन’ या नावाने वेगळी छापली गेली. म्हणजे ही यंत्रणा घडली ती दोन योद्ध्यांची झुंज सेकंदासेकंदाने दाखवण्यासाठी. त्या कामात ती उत्तम आहे, आजही. पुलावर दहा जण एकमेकांना भिडले की तीच यंत्रणा अनेक झुंजी एकाच वेळी चालवू लागते.

काय काय नाकारलं

सोपा मार्ग होता ‘गर्प्स लाइट’चा. 32 पानांची मोफत पुस्तिका, मूळ नियमांचा अर्क. पण तिच्यातही एक सेकंदाचा टर्न आणि बचावाचा फासा आहेतच. पानं कमी होतात, फासे कमी होत नाहीत. दुसरी सूचना तिरंदाजाची: बचाव सरळ काढून टाका. तिच्याविरुद्ध मी अडून बसले, आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. गर्प्समधला वार जीवघेणा असतो. 12 बळाच्या माणसाने रुंद तलवार फिरवली तर एक फासा अधिक 3, सरासरी साडेसहा. कापणारी इजा चिलखत भेदून गेली की दीडपट होते. चिलखत नसलेल्या 10 हिट पॉइंटच्या (इजा सोसण्याची ताकद मोजणारा आकडा) माणसाला एकाच वारात 9 लागले, म्हणजे तो जवळपास आडवा. बचाव काढला तर जो आधी वार करेल तो जिंकेल आणि आम्ही सगळे पहिल्या चकमकीत मेलेले असू.

दुसऱ्याच खेळात पात्रं उचलून न्यायची कल्पनाही निघाली. ‘ट्रुथफुलनेस’चं तिथे काय करायचं, या प्रश्नावर ती पडली.

नवा नियम

जीएमने खेळात आधीच असलेली एक गोष्ट उचलली. गर्प्समध्ये दोघांची चढाओढ असेल तर ‘क्विक कॉन्टेस्ट’ होते: दोघंही आपापल्या कौशल्यावर फासे टाकतात, ज्याला जास्त फरकाने जमलं किंवा कमी फरकाने हुकलं तो जिंकला. पाठलाग, घासाघीस हे सगळं तसंच चालतं. जीएमचं म्हणणं, लढाईही तशीच चालवू. एक फेरी म्हणजे मोजून दहा सेकंद नाहीत, पण तेवढ्याच आसपासची एक झटापट. प्रत्येक जोडीला एक कॉन्टेस्ट. जिंकणारा आपल्या शस्त्राची इजा टाकतो. पुढचं सारं मूळ नियमांप्रमाणे: चिलखत वजा करायचं, भोसकणाऱ्या शस्त्राची इजा दुप्पट आणि कापणाऱ्याची दीडपट धरायची, निम्म्याहून जास्त हिट पॉइंट एका फटक्यात गेले तर प्रकृतीवर फासा टाकून उभं राहता येतं का ते पाहायचं. 5 किंवा जास्त फरकाने जिंकलं तर वार कुठे बसला ते जिंकणारा ठरवतो.

बरोबरीच्या दोघांत हा कॉन्टेस्ट 9 टक्के वेळा अनिर्णित राहतो. उरलेल्या 91 टक्क्यांत कुणाला ना कुणाला लागतं. सात वारांमागे एक जखम कुठे आणि हे कुठे!

फासे टाकण्याआधी हेतू सांगायचा, ही भर वैद्याच्या सोयीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, पडली. मला कुणाला मारायचं नसतं. मला पडलेल्या माणसापर्यंत पोचायचं असतं. मूळ नियमांत त्यासाठी चार-पाच टर्न धावत, वाकत, चुकवत काढावे लागायचे. आता मी म्हणते, “मला त्याला ओढून दाराआड न्यायचंय.” जिंकले तर नेलं. हरले तर समोरच्याच्या हेतूप्रमाणे होतं, आणि त्याचा हेतू बहुधा मला भोसकण्याचा असतो. दोन्ही बाजूंची पणाला लावलेली गोष्ट वेगळी असू शकते, यातून जी मजा आली ती आधी कुणाच्या डोक्यातही नव्हती. ढालवाला तर मारण्याचं नावच घेईनासा झाला. दर फेरीला त्याचं एकच: दार सोडणार नाही.

निनावी पहारेकऱ्यांसाठी पुस्तकातलाच ‘कॅनन फॉडर’ हा पर्यायी नियम घेतला. चिलखत भेदून थोडी जरी इजा आत गेली की असा माणूस पडला. हिशोब ठेवायचा नाही.

गुणांचं काय

इथे प्रकरण खरं अवघड झालं. गुण मोजून पात्र घेण्याच्या खेळात नियम हा फक्त नियम नसतो. कुणीतरी त्याचे पैसे भरलेले असतात. ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ 15 गुणांचं, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे सगळ्या बचावांना अधिक 1. ‘एन्हान्स्ड पॅरी’ (शस्त्राने अडवण्याची वाढीव क्षमता) एका शस्त्रापुरतं घेतलं तर पातळीमागे 5 गुण. ‘हाय पेन थ्रेशोल्ड’ 10 गुणांचं. जखम झाल्यावर पुढच्या टर्नला जी वजाबाकी बसते ती त्यामुळे बसत नाही. बचावाचा फासाच नाही आणि टर्न दहा सेकंदांचा, तर या सगळ्यांनी करायचं काय?

ढालवाल्याचा मुद्दा साधा होता. त्याने ढालीचं कौशल्य घेतलं होतं, ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ घेतलं होतं, जड ढाल वाहण्याइतकं बळ घेतलं होतं. नव्या नियमात तो आणि रिकाम्या हाताचा गुंड यांच्यात फरक उरला नव्हता.

पहिला उपाय होता ढालीचे 2 कॉन्टेस्टमध्ये मिळवण्याचा. तो एका सेशनमध्ये फसला, आणि का फसला ते आकड्यांत लख्ख दिसतं. 14 विरुद्ध 14 असताना दोघांनाही 45 टक्के. एकाला 2 दिले की तो 64 टक्के जिंकतो आणि 28 टक्के हरतो. म्हणजे ढाल हातात घेतली की तलवार जास्त लागू लागली! मूळ नियमांत ढाल वाचवते, मारत नाही.

चालला तो उपाय तिरंदाजाने सुचवला, आणि या सगळ्या प्रकरणातली मला ती सर्वात हुशार गोष्ट वाटते. त्याला आम्ही ‘आड’ म्हणतो. ढालीची आड 2 म्हणजे तुम्ही 1 किंवा 2 च्या फरकाने हरलात तर ती बरोबरी धरायची, लागलं नाही. जिंकण्याची शक्यता आहे तिथेच, 45 टक्के. इजा होण्याची मात्र 45 वरून 28 वर येते. ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ची आड 1, ‘एन्हान्स्ड पॅरी’ची प्रत्येक पातळी 1. ढाल आणि ‘कॉम्बॅट रिफ्लेक्सेस’ मिळून ढालवाल्याची आड 3 झाली, आणि बरोबरीच्या शत्रूकडून त्याला लागण्याची शक्यता 21 टक्क्यांच्या आत. त्याने शीटवर नवी ओळ लिहिली आणि पहिल्यांदा तक्रार थांबवली.

जखमेनंतरची वजाबाकी ठेवायची की नाही यावर मतं दोन होती. मूळ नियमांत जितके हिट पॉइंट गेले तितकी, जास्तीत जास्त 4, आणि तीही फक्त पुढच्या सेकंदापुरती. शिवाय बचावाला ती लागत नाही. आम्ही ती पुढच्या फेरीच्या कॉन्टेस्टला लावून पाहिली. 14 चा माणूस 10 वर आला की बरोबरीच्या शत्रूसमोर त्याच्या जिंकण्याची शक्यता 15 टक्क्यांच्या खाली जाते. ज्याला पहिली जखम झाली तो संपला. मला हे आवडलं होतं, कारण शत्रू पहिल्या जखमेनंतर शस्त्र टाकू लागले, आणि मेलेल्यांपेक्षा शरण आलेले लोक गोष्टीच्या जास्त उपयोगी पडतात. पण तेच आमच्याही वाट्याला येऊ लागलं. शेवटी कमाल 2 वर तडजोड झाली. ‘हाय पेन थ्रेशोल्ड’वाल्याला शून्य.

तलवारबाजाची चंगळ

सोप्या नियमांचा एक परिणाम कुणी मागितला नव्हता. तलवारबाजाचं कौशल्य 16, पहारेकऱ्यांचं 12. जुन्या पद्धतीत, ढाल आणि मागचं पाऊल सोडून हिशोब केला तर तिचे 61 टक्के वार लागायचे आणि त्यांचे तिला 28 टक्के. नव्या पद्धतीत ती 79 टक्के वेळा जिंकते आणि जेमतेम 15 टक्के वेळा हरते. कौशल्यातल्या फरकाचं वजन दुपटीहून जास्त झालं. बचावाच्या आकड्यात कौशल्य निम्मं होऊन येतं, हे त्यामागचं कारण. त्यामुळे मूळ खेळात कसलेला आणि कच्चा यांच्यातलं अंतर थोडं बुजतं. कॉन्टेस्टमध्ये कौशल्य पुरतं उतरतं.

तिला अर्थातच हे पटलं. “मी त्या 16 साठी गुण दिलेत,” ती म्हणाली, “मग एवढं दिसायलाच हवं.” ढालवाला म्हणाला, “तू दोन फेऱ्यांत अख्खी चौकी रिकामी करतेस, मी दार धरून काय करू?” दोघांचंही खरं होतं. जीएमने नियम तसाच ठेवला आणि गर्दीला किंमत दिली: एकावर अनेक तुटून पडले तर त्यांच्यातल्या सर्वात कसलेल्याने फासा टाकायचा आणि प्रत्येक जादा माणसाचे त्याला 2 द्यायचे. तिघे पहारेकरी मिळून 16 होतात, म्हणजे तिच्या बरोबरीचे. मूळ नियमांतही गर्दी अशीच मारते, कारण एकाच तलवारीने त्याच टर्नला पुन्हा अडवायचं तर दर वेळी 4 वजा होत जातात. आता ती एकटी चौकीत शिरत नाही. ढालवाल्याला शेजारी घेते, म्हणजे समोरची गर्दी दोघांत वाटली जाते.

या पद्धतीने पुलाची लढाई पहिल्यापासून पुन्हा खेळली. चार फेऱ्या. दोन पहारेकरी पडले, एक नदीत गेला, उरलेले पळाले. शिकाऱ्याच्या मांडीत भाला घुसला आणि तो पुढचे अनेक दिवस लंगडत होता. संध्याकाळ बरीच उरली होती, म्हणून पलीकडच्या गावात नाव काय सांगायचं यावर वाद घालता आला. ढालवाल्याला खोटं बोलता येत नव्हतं.

द्वंद्वासाठी जुनंच

काही सेशननंतर तलवारबाजाची गाठ तिच्या जुन्या उस्तादाशी पडली. त्याच्या शब्दावर तिने घर सोडलं होतं, आणि तो आता शत्रूच्या पदरी होता. ही झुंज एका कॉन्टेस्टवर सोडायला ती तयार नव्हती. जीएमने मूळ प्रकरण जसंच्या तसं उघडलं: एक सेकंदाचा टर्न, बचाव, हूल, मागचं पाऊल, सगळं.

अडचण लगेच आली. सोपे नियम स्वीकारताना ‘फेंट’ (हूल देणं) आणि ‘डिसआर्मिंग’ (शस्त्र हिसकावणं) या तंत्रांवरचे गुण तिला परत दिले होते, कारण नव्या पद्धतीत त्यांना काम नव्हतं. त्या गुणांतून तिने घोडेस्वारी घेतली होती. आता हूल देण्याची वेळ आली आणि शीटवर हूल नव्हती. जीएमने गुण परत करण्याचा निर्णयच फिरवला. तंत्रं शीटवर परत आली, घोडेस्वारीही राहू दिली आणि सोप्या नियमांत तंत्रांना काम दिलं: शस्त्र हिसकावणं, पाडणं, जखडणं असा खास हेतू असेल तर सगळ्यांना कॉन्टेस्टमध्ये 2 वजा, ते तंत्र ज्याने घेतलं आहे त्याला वजाबाकी नाही. मला वाटतं, गुण देऊन घ्यायच्या कुठल्याही खेळात नियम गाळताना गुण परत करणं हा शेवटचा उपाय असावा. आधी त्या गुणांना दुसरं काम शोधावं.

बाकीच्या तिघांनी काय करायचं, हा दुसरा प्रश्न. उस्तादाची बाजू आमच्याकडे दिली. तो काय करणार हे आम्ही तिघं कुजबुजून ठरवायचो. फासे जीएम टाकायचा. आम्हाला तिच्या सवयी माहीत होत्या, उस्तादालाही असणारच. ती दोन टर्न अंदाज घेते आणि तिसऱ्याला तुटून पडते, हे ओळखून आम्ही त्याला तिसऱ्या टर्नला मागे घेतलं. तो मागे जात राहिला आणि ती पुढे येत राहिली, विहिरीच्या कठड्यापर्यंत. कठड्याला पाठ लागल्यावर त्याला मागचं पाऊल उरलं नाही आणि बचाव एकाने उतरला. तेवढं पुरलं. हे कॉन्टेस्टमध्ये कधीच घडलं नसतं. जीएमला फार तर वर्णनात विहीर आणता आली असती. इथे विहीर नियमांतून आली.

द्वंद्व लांबलं, पण कुणी घड्याळ पाहिलं नाही. दोन बाजू, दोन शस्त्रं, चार डोकी. आता वहिवाट अशी की दोन्हीकडचे लोक नावाचे असतील, एकास एक असतील आणि खेळाडूने आधी मागितलं असेल तर पूर्ण नियम. बाकी सगळीकडे कॉन्टेस्ट. मधलं काही ठेवलेलं नाही. लढाई अर्धी झाल्यावर पद्धत बदलायची नाही, यावर ढालवाला विशेष ठाम आहे.

जे अजून सुटलेलं नाही

तिरंदाज. लांबून मारणाऱ्याशी कॉन्टेस्ट कसली करायची? त्याच्यासाठी मूळ वार आणि चुकवण्याचा फासा ठेवला. अंतरासाठी गर्प्सच्याच ‘ॲक्शन’ पुस्तकमालिकेतले पट्टे घेतले: जवळ 0, थोडं दूर वजा 3, मध्यम वजा 7, लांब वजा 11. यार्ड मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण वेळेचं गणित जुळत नाही. मूळ नियमांत धनुष्य सोडल्यावर पुन्हा सज्ज व्हायला दोन सेकंद लागतात, म्हणजे दहा सेकंदांच्या झटापटीत तीन बाण सहज जातात. तीन फासे दिले तर तो दर फेरीला तिघांना पाडतो आणि तलवारबाज चिडते. एकच दिला तर तो म्हणतो, “मी दहा सेकंद उभा राहून एक बाण सोडला?” सध्या एकच फासा आहे, पण नेम धरल्याचा पूर्ण फायदा, म्हणजे शस्त्राची अचूकता, त्यात आयता मिळते. त्याला ते पटलेलं नाही. माझं मत दोन फाशांचं आहे, पण दोन्ही एकाच माणसावर. जीएम म्हणतो, मग अचूकतेचा फायदा काढावा लागेल.

दुसरी गोष्ट जनावरांची. अस्वल तलवार अडवत नाही. त्याच्याशी कॉन्टेस्ट केली तर त्याच्या झटापटीच्या कौशल्यामुळे ते एखाद्या तलवारबाजासारखं वागतं, आणि हे कुणालाच खरं वाटत नाही. एकदा अस्वल आलं तेव्हा जीएमने जागच्या जागी मूळ नियम वापरले आणि ते ठीक चाललं, पण ते एकच अस्वल होतं. पुढच्या टप्प्यात जंगल आहे आणि लांडगे कळपाने येतात. गर्दीचे 2 लांडग्यांना द्यायचे का, यावर मतदान व्हायचं आहे. शिकाऱ्याने दरम्यान क्रॉसबो घेतला आहे. तो भरायला चार सेकंद लागतात, आणि त्यामुळे एका फेरीत किती बाण हा वाद नव्याने सुरू झाला आहे.